ज्वालामुखीच्या उद्रेकात चंद्राचा हात किती?

मोठ्या उद्रेकाची बातमी आली की चार दिवसांत कुणीतरी आठवण करून देतं, त्या रात्री पौर्णिमा होती किंवा चंद्र पृथ्वीच्या जास्तच जवळ आला होता. त्यावरूनच हा प्रश्न आला आहे: जो चंद्र सबंध समुद्र दिवसातून दोनदा उचलतो, तो जमिनीखालच्या वितळलेल्या खडकालाही हलवत असणारच. मग चंद्रामुळे ज्वालामुखी फुटतात का? आणि फुटत असतील तर तिथी बघून आधीच इशारा का देत नाहीत?

आधी थेट उत्तर देतो. जो ज्वालामुखी फुटण्याच्या अगदी बेतात आला आहे, त्याची वेळ चंद्र काही तास, फार तर काही दिवस पुढेमागे करू शकतो. ज्याची तयारीच झालेली नाही त्याला चंद्र फोडू शकत नाही. तिथीवरून इशारा का देता येत नाही याचा हिशेब शेवटी मांडतो. मात्र गेल्या काही वर्षांत या छोट्याशा परिणामाचा एक वेगळाच उपयोग लक्षात आला आहे, आणि माझ्या मते या विषयातला खरा रस तिथे आहे.

भरती पाण्याला येते तशी जमिनीलाही येते. चंद्राची ओढ पृथ्वीच्या जवळच्या बाजूवर जास्त आणि पलीकडच्या बाजूवर कमी पडते, आणि या फरकामुळे पृथ्वी किंचित लांबट होते. पृथ्वी फिरत असल्याने हा फुगवटा प्रत्येक ठिकाणाखालून दिवसातून दोनदा जातो. विषुववृत्ताजवळची जमीन त्यामुळे तीस-चाळीस सेंटीमीटर, क्वचित अर्ध्या मीटरपर्यंत वरखाली होते. आपल्याला ते कळत नाही, कारण घर, रस्ता, डोंगर सगळंच एकदम उचललं जातं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या २७ किलोमीटर घेराच्या ‘लेप’ या कणवेगकाला मात्र ते कळत असे. त्याचा घेर भरतीबरोबर सुमारे एक मिलिमीटरनं कमीजास्त व्हायचा, आणि कणांची ऊर्जा काढताना त्याची दुरुस्ती करावी लागायची.

या हालचालीमुळे खडकातला ताण बदलतो तो १ ते ४ किलोपास्कल इतकाच. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब १०० किलोपास्कल असतो, आणि हवामानातला कमी दाबाचा एखादा पट्टा सरकून गेला तरी जमिनीवरचा दाब दोन-तीन किलोपास्कलनं बदलतो. शिलारसाला, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाला, तो साठलेल्या कोठीच्या भिंती फोडून वर यायला मात्र काही मेगापास्कलचा (एक मेगापास्कल म्हणजे हजार किलोपास्कल) जादा दाब लागतो, म्हणजे भरतीच्या ताणाच्या हजारपट. सुपरमूननं, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या जवळ आलेला असतानाच्या पौर्णिमेनं, यात फारसा फरक पडत नाही. भरतीचं बल अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. चंद्राचं सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर आणि अगदी जवळचं सुमारे ३,५६,५०० किलोमीटर, म्हणजे बल पाव हिश्शानं वाढलं. तीन किलोपास्कलचे पावणेचार झाले. हजारपट कमी असलेली गोष्ट आता आठशेपट कमी आहे.

समुद्राजवळ किंवा समुद्राखाली परिस्थिती बदलते. तिथे पाण्याचं वजनच खडकावर चढतं-उतरतं. एक मीटर पाणी म्हणजे साधारण १० किलोपास्कल. जिथे भरती दोन-तीन मीटरची असते तिथल्या खडकाला दिवसातून दोनदा २०-३० किलोपास्कलचा फेरा सोसावा लागतो. हे मोठं आहे, तरी मेगापास्कलच्या मानानं नगण्यच.

इथे बहुतेक लेख थांबतात आणि ‘परिणाम शून्य’ असा निकाल देतात. मला तो घाईचा वाटतो, कारण ताण किती बदलला याबरोबर तो किती वेगानं बदलला हेही बघायला हवं. समजा एखाद्या कोठीत दाब वर्षाला १०० किलोपास्कल या गतीनं वाढतो आहे. तासाचा हिशेब केला तर ही वाढ किलोपास्कलच्या शंभराव्या भागाएवढी होते. भरतीचा ३ किलोपास्कलचा बदल सहा तासांत घडतो, म्हणजे तासाला अर्धा किलोपास्कल, जवळपास पन्नासपट वेगानं. त्यामुळे कोठीची भिंत सहनशक्तीच्या अखेरच्या टोकाला पोचली असेल तर शेवटचा धक्का भरतीच्या अनुकूल तासात बसण्याची शक्यता जास्त. वर्ष कोणतं, ते शिलारसाचा पुरवठा ठरवतो. दिवसातली वेळ ठरवण्यात चंद्राला वाव मिळतो.

याच गणितातून चंद्राच्या अधिकाराची मर्यादाही निघते. वर्षाला १०० किलोपास्कलच्या गतीनं ३ किलोपास्कल भरायला अकरा दिवस लागतात, म्हणून भरती उद्रेकाला फार तर दहा-अकरा दिवस पुढेमागे सरकवू शकेल. दाब वर्षाला एक मेगापास्कलनं वाढत असेल तर जेमतेम एक दिवस. आणि उद्रेकाआधीच्या अखेरच्या तासांत, जेव्हा शिलारस खडक फाडत वर सरकतो आणि ताण तासागणिक मेगापास्कलच्या भाषेत बदलतो, तेव्हा चंद्राचं कुणी ऐकतच नाही.

म्हणून भरतीचा ठसा उमटायला दोन गोष्टी एकाच वेळी लागतात: यंत्रणा तुटण्याच्या जवळ हवी आणि तिथवर ती सावकाश आलेली हवी. दूर असेल तर भरती पुरत नाही, घाईत असेल तर भरती बुडून जाते. पुढची सगळी उदाहरणं या दोन अटींच्या चौकटीत बसतात, निदान मला तरी ती तशीच बसवावी लागली आहेत.

सर्वांत स्वच्छ उदाहरण समुद्राखालचं आहे. अमेरिकेच्या ओरेगन राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ४८० किलोमीटरवर, हुआन दे फूका या सागरतळावरच्या पर्वतरांगेत ॲक्सिअल सीमाउंट नावाचा ज्वालामुखी आहे. माथा समुद्रसपाटीच्या सुमारे १,४०० मीटर खाली. तो १९९८, २०११ आणि २०१५ साली फुटला. २०१४ पासून किनाऱ्यावरून टाकलेल्या केबलला जोडलेले भूकंपमापक आणि दाबमापक त्याच्यावर अखंड चालू आहेत, त्यामुळे २४ एप्रिल २०१५ चा उद्रेक हा जवळून, सलग आणि सुरुवातीपासून नोंदला गेलेला सागरी उद्रेक ठरला. त्याआधीच्या महिन्यांत दिवसाला शेकड्यांनी, कधी हजारांनी बारीक कंप नोंदले जात होते, आणि त्यांची संख्या समुद्राच्या पातळीबरोबर उघड उघड बदलत होती. ओहोटीला कंप जास्त, भरतीला कमी. यात संख्याशास्त्राची ओढाताण नव्हती. आलेख पाहिला की दिसायचं.

पण यातच एक कोडं होतं. सागरतळ जिथे ताणला जातो तिथल्या तिरक्या भेगांवर वरचा खडक आपल्या वजनानं खाली घसरतो. ओहोटीला वरचं वजन कमी होतं, तेव्हा ही घसरण मंदावायला हवी. म्हणजे कंप भरतीला वाढायला हवे होते, आणि दिसत होतं बरोबर उलट. २०१९ साली मांडलेल्या उत्तराचा भर खालच्या शिलारसाच्या कोठीवर होता. बुडबुडे मिसळलेला, अर्धवट वितळलेला तो भाग भोवतालच्या घट्ट खडकापेक्षा मऊ असतो. ओहोटीला वरचा भार उतरला की कोठी जास्त फुगते आणि तिच्या कडेच्या भेगांवर उलट्या दिशेनं ताण टाकते. पाण्याच्या थेट परिणामापेक्षा कोठीमार्गे येणारा परिणाम मोठा पडतो. भरती-ओहोटीचे कंप मोजता मोजता कोठी किती मऊ आहे याचा अंदाज हाती आला. हे मला उद्रेकाच्या वेळेपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं.

नव्या पुलाची चाचणी घेताना ठरावीक वजनाचे ट्रक त्यावर उभे करतात आणि तो किती वाकला ते मोजतात. ट्रक पूल पाडायला आणलेले नसतात. त्यांचं वजन माहीत असतं, म्हणून वाकण्यावरून पुलाची ताकद काढता येते. भरतीचं बल शेकडो वर्षं पुढचं-मागचं मिनिटापर्यंत काढता येतं, ते दिवसातून दोनदा फुकट मिळतं आणि कुणाला धोका न होता ज्वालामुखीवर लावलं जातं. ज्वालामुखीच्या अभ्यासात इतकं नेमकं माहीत असलेलं दुसरं कोणतंच बल नाही.

आणि तरीही याच ॲक्सिअलची सगळ्यांत गाजलेली भाकीतकथा भरतीची नाही. बिल चॅडविक आणि स्कॉट नूनर या दोघा शास्त्रज्ञांनी २०१४ च्या सप्टेंबरात सांगितलं होतं की हा ज्वालामुखी २०१५ मध्ये फुटेल, आणि तो फुटला. आधार होता सागरतळाच्या फुगवट्याचा. प्रत्येक उद्रेकात तळ अडीच-तीन मीटर खचतो आणि मग पुढची काही वर्षं पुन्हा फुगत जातो. मागच्या खेपेची उंची गाठत आली की वेळ जवळ आली असं धरायचं. भरतीला इतक्या उघडपणे उत्तर देणाऱ्या ज्वालामुखीच्या बाबतीतही अंदाज बांधला तो फुगवट्यावरून.

जमिनीवरचं उदाहरण न्यूझीलंडच्या रुआपेहूचं. २५ सप्टेंबर २००७ रोजी त्याच्या विवरातल्या तळ्यातून अचानक स्फोट झाला. ताजा शिलारस वर आलेला नव्हता. खाली कोंडलेली वाफ आणि वायू फुटले होते. अशा स्फोटांआधी ठळक लक्षणं फारशी दिसत नाहीत, म्हणूनच ते वाईट. नंतर, २०१८ मध्ये, बारा वर्षांच्या भूकंपनोंदी तपासल्या गेल्या तेव्हा त्या उद्रेकाआधीच्या तीनेक महिन्यांत जमिनीची सततची थरथर चंद्राच्या पंधरवड्याच्या चक्राबरोबर कमीजास्त होत असल्याचं आढळलं. दिलेलं स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे: नळीच्या तोंडाशी खनिजांचं बूच बसलं, त्याखाली वायूचा कप्पा तयार झाला, आणि वायू सहज दाबला-फुगवला जात असल्यामुळे भरतीला त्याचा प्रतिसाद मोठा होत गेला. उद्रेक पौर्णिमेच्या जेमतेम दीड दिवस आधी झाला, हेही नमूद करतो. पण एक ज्वालामुखी, एक उद्रेक आणि मागाहून शोधलेली खूण असा हा पुरावा आहे. कल्पना उत्तम असली तरी यावरून इशारा द्यायला मी धजावणार नाही.

पंधरवड्याच्या चक्राबद्दल एक बारकावा इथे सांगायला हवा, कारण त्यावरून पुष्कळ गोंधळ होतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात तेव्हा उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला ते काटकोनात असतात तेव्हा भांग असतो. सूर्याचा वाटा चंद्राच्या सुमारे ४६ टक्के, त्यामुळे उधाणाचं बल भांगाच्या जवळपास पावणेतीनपट होतं. पण हा दर पंधरवड्यानं बसणारा वेगळा धक्का नव्हे. बल तेच, १२ तास २५ मिनिटांच्या फेऱ्याचं, फक्त त्याचा पल्ला वाढतो आणि घटतो. खरोखर चौदा दिवसांनी फिरणारं बलही आहे, पण ते फारच दुबळं. यंत्रणा सरळ प्रमाणात उत्तर देणारी असेल तर सहा तास जितकं ढकललं तितकंच पुढचे सहा तास ओढलं जातं आणि पंधरवड्याच्या हिशेबात हाती काही उरत नाही. पंधरवड्याची लय नोंदीत दिसायची तर यंत्रणेत एकेरीपणा हवा. दाब उतरल्यावर शिलारसात बुडबुडे जितक्या चटकन बनतात तितक्या चटकन ते दाब चढल्यावर विरघळत नाहीत. भेग उघडल्यावर निसटलेला वायू ती मिटल्यावर परत येत नाही. म्हणून कुणी पंधरवड्याचा संबंध दाखवला की मी आधी विचारतो, एकेरी झडप कुठे आहे? रुआपेहूच्या अभ्यासात निदान तिचा विचार आहे.

वायूच्या मोजमापांतही अशी लय सापडल्याचे दावे आहेत. चिलीतल्या व्हिलारिका आणि याइमा या शेजारच्या दोन ज्वालामुखींतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे चढउतार एकमेकांशी जुळलेले आढळले, आणि दोघांवर एकाच वेळी काम करणारं कारण म्हणून भरतीकडे बोट दाखवलं गेलं. मी इथे जरा सावध असतो, कारण वायूचा प्रवाह काढताना वाऱ्याचा वेग लागतो आणि वारा शेजाऱ्यांना सारखाच असतो. इक्वेडोरच्या कोटोपाक्सीवर २०१५ च्या उद्रेकात ब्रोमिन मोनॉक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड यांच्या गुणोत्तरात पंधरवड्याची लय दिसली, ती मला अधिक भरवशाची वाटते. गुणोत्तर घेतलं की वाऱ्याची चूक दोन्हीकडून निघून जाते.

आता संख्याशास्त्र. हा शोध जुना आहे. हवाईत किलाउआच्या लाव्हाच्या तळ्याची पातळी ज्वालामुखीतज्ज्ञ थॉमस जॅगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ साली, लाव्हाला भरती येते का हे बघायला, महिनाभर रात्रंदिवस मोजली होती. १९७० च्या दशकात उद्रेकांच्या याद्या घेऊन त्या चंद्राच्या चक्राशी ताडून बघण्याची लाटच आली. त्यातलं माझं आवडतं विश्लेषण १९८० चं, किलाउआचंच. जानेवारी १८३२ पासूनचे ५२ उद्रेक घेतले तर ३४ उधाणाच्या जवळ पडतात आणि १८ भांगाच्या जवळ. जवळपास दुप्पट! पण त्याच अभ्यासात, त्याच बेटावरच्या मौना लोआचे ३७ उद्रेक घेतले तर काहीच कल दिसत नाही. दोन्ही निकाल शेजारी शेजारी छापले, म्हणूनच मला हे काम प्रामाणिक वाटतं.

३४ विरुद्ध १८ हे किती दचकण्यासारखं आहे? नाणं ५२ वेळा उडवलं तर इतका किंवा याहून जास्त असमतोल शंभरात तीन-चार वेळा निव्वळ योगायोगानं येतो. ऐकायला दुर्मीळ वाटतं. मात्र चंद्राची चक्रं बरीच आहेत: अर्ध्या दिवसाचं, दिवसाचं, पंधरवड्याचं, महिन्याचं, १८.६ वर्षांचं. त्यात कमाल आणि किमान दोन्ही बाजू तपासायच्या, आणि ज्वालामुखी शेकड्यांनी. इतकी नाणी उडवल्यावर शंभरात चारवाला निकाल कुठे ना कुठे लागणारच. शिवाय दिशा जुळत नाही. किलाउआचे उद्रेक उधाणाकडे झुकतात, तर सागरतळावरच्या पर्वतरांगांचे अलीकडचे नोंदलेले उद्रेक बहुतांशी भांगाच्या दिवसांत झाले, असं २०१५ सालच्या एका अभ्यासात दाखवलं गेलं. दोन्हींसाठी वेगवेगळी कारणमीमांसा करता येते, आणि ती केलीही गेली आहे. कुठल्याही निकालाला कारण सापडू लागलं की माझा संशय वाढतो.

बातम्यांतल्या ‘पौर्णिमा होती’ या वाक्याचं तर काहीही करता येतं. २७ ऑगस्ट १८८३ चा क्राकाटोआचा महास्फोट कृष्णपक्षातल्या अष्टमीनंतर दोनेक दिवसांनी झाला, म्हणजे भांगाच्या सुमाराला. १८ मे १९८० चा सेंट हेलेन्सचा उद्रेक अमावास्या आणि अष्टमी यांच्या मधोमध. त्याला मोकळं केलं ते भूकंपानं आणि उत्तरेचा उतार कोसळल्यानं. १५ जून १९९१ ला पिनातुबो फुटला तो अमावास्येनंतर तिसऱ्या दिवशी, १५ जानेवारी २०२२ ला टोंगाजवळचा हुंगा फुटला तो पौर्णिमेच्या पावणेतीन दिवस आधी. आणि युरोपची विमानं जमिनीवर आणणारा एयाफ्यात्लायोकुत्लचा शिखरावरचा उद्रेक १४ एप्रिल २०१० ला, ऐन अमावास्येला सुरू झाला. यातलं शेवटचं एकटं उदाहरण निवडा, फर्मास लेख होतो. ‘अमावास्या-पौर्णिमेच्या तीन दिवसांच्या आत’ अशी अट ठेवली तर महिन्याच्या साडेएकोणतीस दिवसांतले बारा त्यात येतात, म्हणजे पाचातले दोन दिवस काही न करता बसतात.

लहान कंपांच्या याद्यांत आणखी एक सापळा असतो. दिवसा वारा आणि माणसांची वर्दळ यामुळे उपकरणांत गोंगाट वाढतो, बारीक कंप त्यात बुडतात आणि रात्री जास्त कंप झाल्याचा भास होतो. हे चक्र चोवीस तासांचं. सूर्याच्या भरतीच्या चक्रांत ते बेमालूम मिसळतं. म्हणून अनुभवी माणसं १२ तास २५ मिनिटांच्या चांद्र चक्रावर नजर ठेवतात. चंद्राची भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. वारा, ऊन आणि वाहतूक तशी उशिरा येत नाही. बाहेरचा गोंगाट आणि चंद्र वेगळे करायला महिनाभराची सलग नोंद पुरते. दहा दिवसांच्या नोंदीवरून दावा केलेला असेल तर पुढे वाचायची तसदी मी घेत नाही.

नकारात्मक निकालांतलं एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण असे निकाल बातमीत येत नाहीत. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्णोदकाच्या फवाऱ्यांवर भरतीचा परिणाम होतो असं १९७० च्या दशकात मांडलं गेलं होतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या काटेकोर तपासणीत ना भरतीचा परिणाम सापडला, ना हवेच्या दाबाचा. दूरवरच्या मोठ्या भूकंपांना मात्र त्यातले काही फवारे उत्तर देत होते. दर तास-दीड तासानं भरून फुटणारी यंत्रणा घाईतली असते. तिला बारा तासांची हळुवार भरती कळायचं कारण नाही.

पृथ्वी सोडली तर चित्र पालटतं. गुरूचा उपग्रह आयो गुरूभोवती ४२.५ तासांत फिरतो, आणि युरोपा व गॅनिमीड यांच्या ठेक्यात अडकल्यामुळे त्याची कक्षा कधीच पूर्ण गोल होऊ शकत नाही. दर फेरीत त्याचा पृष्ठभाग शंभर मीटरच्या आसपास फुगतो-बसतो आणि त्या मळण्यातून आत उष्णता तयार होते. स्टॅन्टन पील आणि सहकाऱ्यांनी २ मार्च १९७९ रोजी प्रसिद्ध झालेल्या लेखात आयोवर ज्वालामुखी असावेत असं सुचवलं. ५ मार्चला व्हॉयेजर १ आयोजवळून गेलं, आणि ८ मार्चच्या छायाचित्रात लिंडा मोराबिटो यांना उद्रेकाचा फवारा दिसला. भाकीत आणि पडताळा यांत सहा दिवस! आयोच्या प्रत्येक चौरस मीटरमधून दोन-अडीच वॅट उष्णता बाहेर पडते, पृथ्वीच्या पंचवीसेकपट. तिथे भरती हेच इंधन आहे. पृथ्वीतून एकूण ४७ टेरावॅट उष्णता बाहेर पडते. चंद्रामुळे आणि सूर्यामुळे पृथ्वीवर सुमारे ३.७ टेरावॅट खर्च होतात, पण जवळजवळ सगळे समुद्राच्या पाण्यात. घन पृथ्वीच्या वाट्याला टेरावॅटच्या दहाव्या भागाइतकंच काही येतं. ‘आयोवर होतं तर इथे का नाही’ याचं उत्तर या आकड्यांत आहे.

मौज अशी की इंधन भरतीचं असूनही आयोवरचे उद्रेक ४२.५ तासांच्या घड्याळावर चालत नाहीत. तिथल्या लोकी या प्रचंड लाव्हाकुंडाची चमक दीडेक वर्षाच्या आवर्तनात वाढते-घटते. घड्याळावर चालणारं उदाहरण शनीच्या एन्सेलाडसचं. त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून उडणारा बर्फाचा फवारा तो शनीपासून सर्वांत दूर असतानाच्या सुमारास कितीतरी पट उजळ होतो, हे कॅसिनी यानानं दाखवलं. तिथे दर ३३ तासांनी भेगाच उघडमीट करतात. मधे कोठी नाही, बूच नाही, घट्ट शिलारस नाही.

पृथ्वीवर परत येताना सावकाश बदलणारे भारही लक्षात घ्यावेत. ते चंद्राचे नसले तरी गणित तेच. अलास्कातल्या पाव्लोफ ज्वालामुखीचे उद्रेक बऱ्याच काळपर्यंत शरद ऋतूच्या आणि हिवाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांत गोळा झालेले दिसत होते. त्या दिवसांत तिथली समुद्राची पातळी तीसेक सेंटीमीटरनं वाढते, म्हणजे ताण तीनेक किलोपास्कल, पण तो महिनोन् महिने टिकतो. हिमयुगाच्या शेवटी आइसलँडवरचा बर्फ वितळला तेव्हा भार मेगापास्कलच्या हिशेबात उतरला आणि हजारो वर्षं उतरलेलाच राहिला. त्या काळात तिथला ज्वालामुखीय उत्सर्ग आजच्या कितीतरी पट होता. भार टिकला तर खालच्या प्रावरणालाही, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरालाही, उत्तर द्यायला वेळ मिळतो. सहा तासांत परत फिरणाऱ्या भरतीला तो मिळत नाही.

आता इशाऱ्याचा हिशेब. किलाउआचा ३४ विरुद्ध १८ हा निकाल शंभर टक्के खरा धरा. १८३२ पासून त्या अभ्यासापर्यंत साधारण १४८ वर्षं होतात, आणि वर्षात सुमारे पंचवीस उधाणं. म्हणजे ३,६०० हून जास्त उधाणं येऊन गेली. प्रत्येक उधाणाला इशारा दिला असता तर ३,६०० पैकी ३४ खरे ठरले असते, आणि १८ उद्रेक इशारा नसतानाच झाले असते. शंभर इशाऱ्यांत एकही धड खरा नाही. असा इशारा दुसऱ्या वर्षी कुणी ऐकणार नाही, आणि तेच बरोबर. म्हणून ज्वालामुखीच्या वाटेवर जायचं असेल तर चंद्र बघू नका, त्या त्या वेधशाळेनं जाहीर केलेली धोक्याची पातळी बघा. ती फुगवटा, कंप आणि वायू यांवरून ठरते.

ज्वालामुखींवर नजर ठेवणारे आम्ही तिथीचा वापर रोज करतो तो दुसरीकडे. कलमापक (जमिनीचा कल मोजणारं उपकरण) आणि ताणमापक यांच्या नोंदींतून भरतीचा काढून ठेवलेला हिशेब आधी वजा करायचा, आणि उरलेलं ज्वालामुखीचं समजायचं. जिथे वजाबाकीनंतरही १२ तास २५ मिनिटांची लय शिल्लक राहते आणि महिन्यागणिक वाढत जाते, तिथे खाली काहीतरी मऊ झालं आहे किंवा वायू साचतो आहे अशी शंका घेऊन जास्त उपकरणं लावायची. जमिनीत खोल पाडलेल्या विंधनछिद्रात नवा ताणमापक बसवला की त्याचं मोजमाप ठरवायलाही भरतीच वापरतात. पहिल्या काही आठवड्यांच्या नोंदीत ती दिसली नाही, तर ज्वालामुखी शांत आहे असं समजून गप्प बसायचं नसतं. केबल तपासायला माणूस पाठवायचा असतो.